टाळूतली किल्ली

“सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” कवळीकाका म्हणाले, “पण मी एकदा सिंहाला कवळी बसवली आहे.”

कामाच्या परवान्याच्या कचेरीतलं ते प्रतीक्षालय. जमिनीला बोल्ट मारून जखडलेल्या लोखंडी खुर्च्या, एकच उघडणारी खिडकी, आणि समोरच्या भिंतीवर लाल आकडे दाखवणारी पाटी. पाटीवर एकशे दोन होते. काकांच्या हातातल्या चिठ्ठीवर एकशे चौदा. मधल्या अकरा माणसांच्या मनावरचा भार हलका करण्याचं काम, कुणी सांगितलेलं नसताना, काकांनी अंगावर घेतलं होतं.

“खऱ्या सिंहाला?” पलीकडच्या खुर्चीवरून ड्रायव्हरने विचारलं. हा आपल्या देशात बावीस वर्षं बस चालवत होता. इथे दोन वर्षं नुसता बसून होता.

“नाही, पितळेच्या! अरे, खऱ्या. सर्कशीतला. म्हातारा झाला होता बिचारा, दात सगळे गेलेले. जांभई दिली की पोरं भ्यायच्या ऐवजी हसायची. मालक माझ्या दुकानात येऊन ढसाढसा रडला. म्हटलं, आण त्याला.”

“आणि माप कसं घेतलं?”

“बादलीभर प्लास्टर कालवलं आणि घातलं जबड्यात. आता प्लास्टर धरायला लागतात सात मिनिटं. सात मिनिटं सिंहाने तोंड मिटून गप्प बसायचं. बसेल?”

“मग?”

“मग काय, त्याला गोष्ट सांगितली.”

खुर्च्यांवरची माणसं हसली. कोपऱ्यातला पहारेकरी भाषा समजत नसताना हसला. फक्त काकांच्या शेजारी बसलेल्या आजी हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या होत्या.

“वरचीच केलीस की खालचीपण?” त्यांनी विचारलं.

“वरचीच, आजी. खालची राहत नाही. जीभ उचलते तिला. आणि सिंहाची जीभ म्हणजे केवढी!”

“हं. तेही खरंच,” आजी म्हणाल्या आणि समाधानाने मान हलवली.

आजी ऐंशीच्या. आश्रयगृहात सात नंबरच्या खोलीत एकट्या राहायच्या. काका तिथेच अकरा नंबरच्या खोलीत, विधवा लेक आणि नातीबरोबर. गेल्या दोन वर्षांत काकांनी त्या इमारतीत जेवढ्या थापा मारल्या, तेवढ्या आजींनी खऱ्या मानल्या होत्या. एका न्यायाधीशाला इतकी सुरेख कवळी बसली की फाशी सुनावतानाही तो हसतोय असं दिसायचं, म्हणून सरकारने त्याची बदली केली, ही गोष्ट ऐकून सगळे लोळले होते. आजींनी तेवढं विचारलं होतं, “आणि फाशीवाल्याचं काय झालं रे?” काकांच्या गोष्टींत पुढे काय झालं हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतंच.

आजींचं स्वतःचं काम सकाळी आठलाच उरकलं होतं. राहण्याच्या कार्डावर आणखी एका वर्षाचा शिक्का, दोन मिनिटांचं काम. पण काकांचा आजचा दिवस मोठा, म्हणून त्या हट्टाने थांबल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत दोन सफरचंदं आणली होती. एक काम झाल्यावर काकांना द्यायचं, एक स्वतः खायचं.

दिवस खरंच मोठा होता. काका चौसष्ट वर्षांचे होते. पासष्ट पूर्ण झाली की त्या देशात परक्या माणसाला कामाचा नवा परवाना मिळत नसे, आणि पासष्ट पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते. शहरात एक दातांची लॅब होती. तिच्या मालकीणबाईंनी काकांसाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं ठेवलं होतं. त्यांचं तसं पत्र काकांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. आज परवाना मिळाला तर पुढच्या सोमवारपासून टेबल काकांचं. नाही मिळाला तर काकांच्या हातांना या जन्मात काम नव्हतं.

आणि हे पत्र काय असंच खिशात येऊन पडलं नव्हतं. त्या कचेरीचा कारभार काका नातीला गोष्टीसारखा सांगत. ही एकच गोष्ट ते वाढवून सांगत नसत, कारण वाढवायला जागाच नव्हती. आश्रयाचा अर्ज घातला की सहा महिने हातावर हात ठेवून बसायचं. मग कामाच्या परवान्याचा अर्ज करायचा. त्याला मालकाचं पत्र जोडायचं. मालक म्हणतो, परवाना दाखव, मग पत्र देतो. कचेरी म्हणते, पत्र दाखव, मग परवाना देतो. असा कुणी देवमाणूस भेटलाच की जो आधी पत्र देईल, तर त्याने आधी त्या जागेची जाहिरात लावायची आणि सहा आठवडे वाट बघायची, इथला कुणी माणूस त्या कामाला मिळतो का म्हणून. नाही मिळाला, तर वैद्यकीय तपासणी. मग कौशल्याचा पुरावा. काकांची प्रमाणपत्रं त्यांच्या दुकानाबरोबर जळाली होती, म्हणून पुराव्याच्या रकान्यात त्यांनी आपली खूण काढून दिली होती: नखाएवढी किल्ली, तिला दोन दात.

किल्ली काकांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी ठरवून दिलेली. काकांचे वडील कुलूपं दुरुस्त करायचे म्हणून. उस्तादांचा दंडकच होता, प्रत्येक कवळीत, टाळूकडच्या बाजूला, पातळ कागदाची चिठ्ठी घालायची आणि वरून पारदर्शक लेप द्यायचा. चिठ्ठीवर तीन गोष्टी: घालणाऱ्याचं नाव, तारीख आणि करणाऱ्याची खूण. “ज्या कामावर नाव घालायची भीती वाटते,” उस्ताद म्हणायचे, “ते काम हातात घेऊच नये.” चाळीस वर्षांत काकांनी एकही कवळी बिनखुणेची सोडली नव्हती. अर्जात त्यांनी हेही लिहिलं होतं. मोठ्या अभिमानाने, ठळक अक्षरांत.

पाटीवर एकशे सहा आले. एक बाई उठली, पदराने कपाळ पुसून आत गेली.

काकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून आजींकडे बघितलं. आजी ड्रायव्हरला सिंहाविषयी काहीतरी समजावून देत होत्या. बोलताना त्यांचे वरचे दात दिसत होते. एका रेषेत, पण अगदी एका रेषेत नाही. डावीकडचा सुळा काकांनी केसभर वळवून बसवला होता, कारण ऐंशी वर्षांच्या बाईचे दात शाळकरी पोरीसारखे दिसले तर ते खोटे वाटतात.

ते दात काकांनी केले होते. त्याला आता अकरा महिने झाले.

आजी या देशात आल्या त्या बोळकं तोंड घेऊनच. मालाच्या ट्रकमध्ये चाळीस माणसांत अंग चोरून बसल्या असताना त्यांना ओकारी झाली आणि तिच्याबरोबर कवळी गेली. ट्रक थांबणार नव्हता. आश्रयगृहात त्या सुपात पाव बुडवून तो जिभेने चेचत बसायच्या, आणि लाज वाटते म्हणून भिंतीकडे तोंड करून. सरकारी दातांच्या यादीत त्यांचा नंबर दीड वर्षानंतरचा होता. सहा महिन्यांत आजी अशा वाळल्या की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

काकांकडे दात होते. घर सोडायला त्यांना अकरा मिनिटं मिळाली होती. लोकांनी अशा वेळी कागद उचलले, दागिने उचलले. काकांनी खिशात टाकला मेण कोरायचा चाकू आणि कवळीत बसवायच्या वरच्या-खालच्या तयार दातांचं एक पाकीट. चाकू सीमेवर काढून घेतला. दात राहू दिले. शिपायाला वाटलं असेल, म्हाताऱ्याने नातवंडांचे दात जपून ठेवलेत.

हिरड्यांसाठीची गुलाबी पावडर लॅबवाल्या बाईंनी दिली, डब्याच्या तळाशी उरलेली. काका त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा परवान्याशिवाय कुठल्याही हत्याराला हात लावायला बाईंनी मनाई केली होती. तेव्हा काकांनी खिशातून आश्रयगृहाच्या साबणाची वडी काढली आणि बोलता बोलता नखाने तिची दाढ कोरली, चारही उंचवटे आणि मधली घळ धरून. बाईंनी ती दाढ अजून काचेच्या कपाटात ठेवली आहे. आश्रयगृहात साबण कुठे जातो, याचा उलगडा मात्र व्यवस्थापकाला कधी झाला नाही.

कवळी शिजवावी लागते. प्लास्टरचा साचा डबीत घालून, शिकंज्यात आवळून, दीड तास उकळत्या पाण्यात. काकांनी ती दुपारी सामाईक स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात सोडली.

“काय शिजतंय, काका?” आचाऱ्याने विचारलं.

“आजींचं तोंड,” काका म्हणाले. “झाकण उघडू नकोस, चावेल.”

पहिल्या दिवशी कवळी छान बसली, पण शिट्टी मारायला लागली. आजी ‘साबण’ म्हणाल्या की चहाच्या किटलीसारखा आवाज यायचा. ‘शंभर’ म्हणाल्या की बाहेरचं कुत्रं कान टवकारायचं. पोरं मुद्दाम आजींना मोजायला लावायची. काकांनी तीन दुपारी पुढच्या दातांची मागची बाजू खरडली. जिभेचं टोक जिथे टेकतं तिथे कागदाएवढी जाडी कमी केली, पुन्हा थोडी भरली, पुन्हा घासली. समोर बसून आजींकडून ‘स’ आणि ‘श’ची अक्षरं म्हणून घेतली. तिसऱ्या दुपारी आजी म्हणाल्या, “सासूबाईंनी शिवलेली साडी.” एकही शिट्टी नाही. मग त्यांनी पिशवीतून सफरचंद काढलं आणि सालासकट चावलं. तो आवाज जेवणघराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. माणसं चमचे खाली ठेवून बघत राहिली. आजी चावत होत्या आणि रडत होत्या, आणि भिंतीकडे तोंड केलेलं नव्हतं.

काकांनी काही घेतलं नाही. त्यांच्या लेखी ते काम नव्हतंच. पण टाळूत चिठ्ठी घातली होती. आजींचं नाव, तारीख, किल्ली. न घालणं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं.

आणि मग चार महिन्यांपूर्वी पडदेवालीचं प्रकरण झालं. दुसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती. तिने आश्रयगृहाच्या सभागृहातले पडदे फुकट शिवून दिले, कुणी सांगितलं नसताना. सुनावणीत तिने ते कौतुकाने सांगितलं. परवाना बाद, अर्ज बाद, दोन वर्षं पुन्हा अर्ज करायला बंदी. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: वाट पाहण्याच्या काळात अर्जदाराने कोणतंही काम, मोबदला घेऊन वा न घेता, केल्यास अर्ज रद्द होईल.

काकांच्या लेकीने ते वाचून दाखवलं. ती तिकडे शाळेत शिकवायची. शेवटची पानं वाचायची सवय तिचीच.

“बाबा, आजींना सांगून टाका.”

“काय सांगू?”

“सुनावणी होईपर्यंत कवळी काढून ठेवा म्हणावं. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“चार महिने परत सूप?”

“मग निदान का ते तरी सांगा त्यांना. कुणापुढे बोलू नका म्हणावं.”

“तू ओळखतेस ना तिला? मागच्या थंडीत तिला कळलं की जास्तीची चादर आपल्या वाट्यातली आहे. काय केलंन? रातोरात घडी करून दाराशी आणून ठेवली आणि आठवडाभर कुडकुडली. हे कळलं तर ती कवळी काढेल आणि पुन्हा तोंडात घालणार नाही. परवाना मिळाल्यावरसुद्धा नाही. म्हणेल, याच्यापायी तुझं वाटोळं होणार होतं.”

लेक म्हणाली, “आयुष्यभर नको तिथे थापा मारल्यात. आता एकदाच कामाची मारा. विचारलं तर नाही म्हणा. आणि बाबा, तेवढंच म्हणा. सिंह-बिंह आणू नका मध्ये.”

“नाही म्हणजे नाही,” काका म्हणाले. “एका अक्षराने वाढवणार नाही.”

सुनावणीला एक साक्षीदार लागे. अर्जदाराबरोबर एकाच छपराखाली वर्षभर राहिलेला, नात्यातला नसलेला, सज्ञान. ड्रायव्हर तयार झाला होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याचं तोंड घट्ट होतं. त्याची स्वतःची वैद्यकीय तपासणी त्याच इमारतीत होती, पण दुपारी.

पाटीवर एकशे बारा आले, आणि त्याच वेळी तळमजल्यावरची परिचारिका वर येऊन ड्रायव्हरचा नंबर पुकारू लागली. दुपारची माणसं सकाळीच घेताहेत, डॉक्टरांना जायचं आहे, पुकारल्यावर जो येणार नाही त्याला पुढची तारीख.

ड्रायव्हर अर्धवट उठून तसाच वाकून उभा राहिला. त्याने काकांकडे बघितलं.

“काका, मी सांगतो या नर्सला. थांब म्हणतो.”

“ती थांबणार आहे?”

“माझी दोन वर्षं गेली हो, काका.”

“जा,” काका म्हणाले. “अरे जा ना! गाडी सुटेल. तुला सांगायला पाहिजे का, सुटलेली गाडी म्हणजे काय ते?”

ड्रायव्हर जिन्याकडे पळाला. वळणावरून त्याने एकदा आजींकडे बघितलं, मग काकांकडे, आणि दिसेनासा झाला.

एकशे चौदा.

दाराशी पहारेकऱ्याने दोन बोटं दाखवली. अर्जदार आणि साक्षीदार. काकांनी एक बोट दाखवलं. पहारेकऱ्याने कॅलेंडरकडे हात केला आणि सात बोटं वर केली. साक्षीदार नसेल तर पुढची तारीख सात महिन्यांनी.

“अरे, मी आहे ना!” आजी पिशवी सावरत उठल्या. “एका छपराखाली राहतो आपण. वर्ष काय, दोन झाली. चल.”

“आजी, तुम्ही दमाल. आत खूप वेळ—”

“बसून बसून दमले ते दमले. तुझ्यासाठी एक साक्ष नको द्यायला मी? ज्याने मला...” त्यांनी दातांवरून बोट फिरवलं आणि हसल्या.

दारापासून टेबलापर्यंत दहा पावलं होती. सात महिन्यांनी काका पासष्ट ओलांडून गेलेले असणार होते. दहा पावलांत सगळं सांगता आलं नसतं असं नाही. तीन वाक्यांचं काम. काकांनी तोंड उघडलंही. पण ती तीन वाक्यं ऐकली असती तर आजींनी तिथल्या तिथे कवळी काढून पिशवीत टाकली असती, सफरचंदांच्या शेजारी, कायमची.

“आजी, आत काहीही विचारलं तरी नुसतं ‘हो’ म्हणायचं,” काका कुजबुजले. “एवढंच. हो.”

“हो म्हणजे हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. चष्मा गळ्यात, बोटांना शाईचे डाग, आणि डोळ्यांखाली दिवसाला चाळीस माणसं ऐकणाऱ्याचा थकवा. बाजूला दुभाषा, इस्त्रीच्या सदऱ्यातला तरुण, आपल्याच मुलखातला. टेबलाच्या मधोमध एक काळं यंत्र, त्यावर लाल दिवा. दुभाष्याने सुरुवातीलाच सांगितलं, “इथे बोललेला शब्द न् शब्द यात जातो. नंतर वरच्या कचेरीत दुसरा दुभाषा ऐकतो. माझं काही चुकलं तर माझीही नोकरी जाते.” शेवटचं वाक्य त्याने काकांकडे जरा जास्त वेळ बघत म्हटलं.

नाव, वय, खोली नंबर. लॅबचं पत्र. बाईंनी ते उजेडात धरून वाचलं. जाहिरातीचे सहा आठवडे पुरे. तपासणी ठीक. फाइल उलटता उलटता त्या किल्लीच्या चित्रापाशी थांबल्या, काहीतरी म्हणाल्या.

“छान आहे म्हणतात,” दुभाषा म्हणाला.

काकांचा जीव अर्धा भांड्यात पडला. बाईंच्या उजव्या हाताशी शिक्का होता. लाकडी मुठीचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. काकांना वाटलं, लॅबच्या खिडकीतून सकाळचा उजेड येत असेल की दुपारचा? सकाळचा बरा. दातांचा रंग सकाळच्या उजेडात फसवत नाही.

“अर्ज दाखल केल्यापासून आजपर्यंत,” दुभाष्याने वाचलं, “तुम्ही कोणतंही काम, मोबदला घेऊन वा न घेता, केलंत का?”

“नाही,” काका म्हणाले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. बाईंनी लिहायला घेतलंही होतं. पण चाळीस वर्षांची खोड. उघडं बोडकं ‘नाही’ टेबलावर पडलेलं काकांना बघवेना. त्याला काहीतरी अंगावर घालायला हवं असं वाटलं.

“कुठलं काम, बाईसाहेब! दोन वर्षांत एका दाताला हात लावलेला नाही. बोटं पार विसरली. आता कुणी दाढ पुढे ठेवली तर ती दाढ आहे की शेंगदाणा, तेसुद्धा सांगता यायचं नाही. सकाळी बुटाची नाडी बांधताना दोनदा विचार करावा लागतो. तेवढं काय ते काम.”

दुभाष्याने सांगितलं. बाई किंचित हसल्या. हात शिक्क्याकडे गेला. मग त्या आजींकडे वळल्या, कारण रकाना भरायचा राहिला होता.

“साक्षीदार म्हणून तुम्हाला हे मान्य आहे का? नुसतं हो म्हटलं तरी चालेल.”

आजींनी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं. तसंच उघडं राहिलं. त्या काकांकडे बघत होत्या. सिंह त्यांना पटला होता. न्यायाधीश पटला होता. पण हा माणूस, ज्याची बोटं त्यांच्या जबड्यात तीन दुपारी सुईसारखी फिरली होती, तो सरकारपुढे बसून म्हणत होता की माझी बोटं विसरली. असं बोलणाऱ्याला काम कोण देणार? विनयाने हा वेडा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, एवढंच त्यांना दिसलं. आणि आपण इथे कशासाठी आलो आहोत, हेही त्यांना त्याच क्षणी लख्ख समजलं.

“आजी,” काका म्हणाले, “हो म्हणा.”

आजींनी अंगठा टाळूला लावला, कवळी काढली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून टेबलावर झुकल्या. ओठ आत गेले, गाल खचले, क्षणात वीस वर्षं अंगावर आली. त्या घाईघाईने बोलू लागल्या. नुसती फुसफूस आणि लाळ. एक शब्द धड लागेना. बाई दचकून खुर्चीत मागे सरकल्या. दुभाष्याकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं.

दुभाष्याची नजर आजींच्या ओंजळीत गेली होती. तिथून फाइलमधल्या चित्रावर. तिथून लाल दिव्यावर.

“कळत नाही काही,” तो आधी बाईंना त्यांच्या भाषेत आणि मग, अगदी सावकाश, आपल्या भाषेत म्हणाला. “आजी, तुमचं बोलणं यंत्रात येत नाहीये. काहीच कळत नाहीये. राहू द्या. नुसती मान हलवा. खाली-वर. बास.”

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्या पोराच्या पाया पडावंसं त्यांना वाटलं.

पण आपलं बोलणं कळत नाही, हे आजींनी फार ऐकलं होतं. ट्रकमध्ये, सीमेवर, यादीच्या खिडकीपाशी. त्यांनी पाठ ताठ केली. पदराने कवळी पुसली, तोंडात घातली, अंगठ्याने वर दाबली. बसली, पहिल्या झटक्यात, जशी बसायला हवी तशी. गाल भरून आले. लाल दिव्याकडे बोट करून, हे यंत्र ऐकतंय ना, अशा नजरेने त्यांनी दुभाष्याकडे बघितलं, आणि मग खणखणीत आवाजात, एकेक अक्षर सुटं सुटं करत म्हणाल्या:

“बाईसाहेब, शपथ घेऊन सांगते, साफ खोटं सांगतोय हा! सगळे, सगळेच्या सगळे दात, स्वतःच्या हातांनी यानेच केलेत. आत सही आहे बघा.”

काकांनी डोळे मिटून घेतले होते. एकही अक्षर शिट्टी मारत निघालं नाही.